आईला दिसेल असं कपाट

माझे बाबा शिंपी. एक्केचाळीस वर्षं त्यांनी शर्ट, पँट, कोट आणि गणवेश शिवले. शिवणीच्या आत अर्धा इंच कापड, म्हणजे दाब, जास्तीचं सोडायची त्यांची सवय होती. "माणूस वाढतो, कापड वाढत नाही," असं ते म्हणायचे. त्यावरून गिऱ्हाइकं त्यांना पाठीमागे 'अर्धा इंच मास्तर' म्हणायला लागली आणि काही वर्षांनी तोंडावरही. बाबांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

आई नर्स होती. दोघांची ओळख एका खिशावरून झाली. हॉस्पिटलातल्या नर्सेसचे गणवेश बाबांकडे शिवायला आले होते आणि त्यातला आपला गणवेश आई परत घेऊन आली. खिसा लहान होता. बाबांनी तो उसवून मोठा केला. आठवड्याने ती पुन्हा आली, आता खिसा फार मोठा झाला म्हणून. "तिसऱ्यांदा आली तेव्हा खिशाबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हा मी काय ते समजलो," असं बाबा सांगायचे. त्यावर आई म्हणायची, "काही समजायचं नव्हतं. बटण तुटलं होतं." लग्नानंतरही बाबा तिला लाडाने 'सिस्टर' म्हणत राहिले.

आमचं घर तिने वॉर्डासारखं ठेवलं होतं. दिवे गेले तरी हात घालून हवी ती वस्तू काढता येईल, असं. सुई कुठे आहे, जुनी किल्ली कुठे आहे, मागच्या वर्षीचं औषधाचं चिटोरं कुठे आहे, या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकच असायचं: आईला विचारा.

म्हणून ती विसरायला लागली, तेव्हा ते आधी तिचं तिलाच कळलं. तिने कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं. बाबांनी घरी येताना ते नाव एकदा उच्चारून पाहिलं आणि पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

नावं विसरणं, तारखा विसरणं याची आम्ही तयारी केली होती. दारांची नव्हती केली. बंद दाराच्या आड काही असतं, हेच तिच्या ध्यानात राहीना. तिच्या लेखी स्वयंपाकघरातलं बंद कपाट म्हणजे भिंत. एका सकाळी मी गेले तर ती हातात पातेलं घेऊन ओट्यापाशी उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "आपल्या घरातलं सामान कुणी नेलं?"

बाबांनी कपाट उघडून दाखवलं. कप, साखर, चहा, सगळं जागच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडला. बाबांनी दार लावलं आणि ती पुन्हा म्हणाली, "नेलंच म्हणायचं सगळं."

मग बाबांनी दारांवर चिठ्ठ्या लावल्या. मोठ्या, सुबक अक्षरात. आईने त्या अगदी स्पष्ट वाचल्या.

"साखर, असं लिहिलंय."

"मग उघड की."

"उघडायचं काय? लिहिलंय ना."

बाबा हसले, मीही हसले, आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता आपापल्या कामाला लागलो.

पुढे बाबांनी दारंच काढून टाकली. त्याने सामान दिसायला लागलं खरं, पण धूळ, वाफ, फोडणीचे शिंतोडे सगळं त्यावर बसायला लागलं. शिवाय उघडं सामान दिसलं की आईतली सिस्टर जागी व्हायची. ती सगळं खाली काढून पुसायची, जमिनीवर रांगेत मांडायची आणि मग ते परत कुठे ठेवायचं ते न कळून रडवेली व्हायची. बाबांच्या नाकी नऊ आले. पण त्यातून त्यांना एक गोष्ट उमगली.

"तिला दिसायला पाहिजे, पण मध्ये काहीतरी पाहिजे," ते म्हणाले. "पारदर्शक दार."

मी काच सुचवली. त्यांनी मान हलवली. आई हल्ली उभी राहिली की समोर जे असेल त्याला कपाळ टेकवायची, कधी तळहाताने थोपटायची. काचेचं नाव नको. प्लास्टिकच हवं. आणि नुसती दारं बदलायची नाहीत, तर कपाटंच नवी करायची, तिच्या हाताच्या उंचीला येतील अशी. आणि ती करणार ते स्वतः.

"बाबा, तुम्ही जन्मात खिळा ठोकला नाहीत," मी म्हटलं.

"कोटाला खिळे लागत नाहीत, म्हणून नाही ठोकला."

दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी शिलाई मशीनं देऊन टाकली होती, पण कापडं बेतायचं लांबलचक टेबल घरी आणलं होतं. मागच्या खोलीत ते टेबल मांडलं की माणसाला आडवं चालावं लागायचं. त्यावर त्यांनी प्लायवूड मोजलं, खडूने आखलं, शेजारच्या सुताराकडून करवत मागून आणली आणि पंधरा दिवसांत दोन खोकी उभी केली. सुतार येऊन बघून गेला. "कोपरे काटकोनात आहेत," एवढंच तो म्हणाला. बाबांनी ते वाक्य मला फोन करून सांगितलं.

पण पारदर्शक शीट आणल्यावर घोडं अडलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी जी मिळाली ती आणली. प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक, असा त्यांचा समज. बिजागरीसाठी भोक पाडायला ड्रिल लावलं आणि कड्कन आवाज होऊन भोकापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. दुसरी शीट कापतानाच फुटली. तिसरीला त्यांनी हातच लावला नाही. फुटका तुकडा पिशवीत घातला आणि विचारत विचारत ते मागच्या गल्लीत पोचले, जिथे दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांची कामं चालतात. सोबत मी होते.

तिथलं दुकान म्हणजे एक लांब बोळ. दोन्ही बाजूंना शीटा पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या, आणि शेवटी कापायचं टेबल. टेबलापाशी पन्नाशीच्या एक बाई, कपाळावर चष्मा, कमरेला मापाची टेप. गल्लीत सगळे त्यांना 'शीटताई' म्हणायचे. हे काम त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. बाबांनी तुकडा पुढे केला. त्यांनी तो टेबलावर आपटला. पत्र्यासारखा किणकिण आवाज आला.

"वाजला बघा डब्याच्या झाकणासारखा," त्या म्हणाल्या. "हे फोटोपुढे लावायला ठीक. दाराला नाही, काका. दार कशासाठी हवंय?"

बाबांनी सांगितलं. आधी कपाटाबद्दल, मग आईबद्दल. परक्या माणसापुढे ते एवढं बोललेले मी पहिल्यांदाच पाहिले. ताईंनी मध्येच हातातलं काम खाली ठेवलं.

मग त्यांनी दोन तुकडे काढून बाबांच्या हातात दिले. "हे अॅक्रिलिक. काचेइतकं स्वच्छ, ओरखडे कमी पडतात, पण फार जोर लावला तर तुटतं. आणि हे पॉलिकार्बोनेट. वाकवा. अजून वाकवा. घाबरू नका हो! हातोडी मारलीत तरी तुटायचं नाही. पण नखाने सुद्धा ओरखडा उठतो. वरच्या दारांना अॅक्रिलिक घ्या, चार मिलिमीटर. तीन घेतलंत तर मोठं दार लपलपेल. खालच्या दाराला, जिथे गुडघा लागेल, पाय लागेल, तिथे हे दुसरं."

बाबांनी दोन्ही तुकडे अंगठा आणि तर्जनीत धरून चोळले. आयुष्यभर कापडाचा पोत असाच बघत आले होते ते.

"मापं द्या, मी कापून देते," ताई म्हणाल्या.

"ताई, कापणं हा माझा धंदा आहे. तुम्ही मला फक्त हे कापड समजावून सांगा."

ताई हसल्या आणि पुढचा अर्धा तास त्यांनी खरंच शिकवलं. वरचा कागद काम संपेपर्यंत काढायचा नाही. आकड्यासारखं पातं असलेला कटर घ्यायचा. पोलादी पट्टी धरून एकाच रेघेवर दहा-बारा वेळा ओढायचा, घाई नाही. मग ती रेघ टेबलाच्या कडेवर आणून एका झटक्यात दाबायचं. पॉलिकार्बोनेट मात्र असं तुटत नाही, त्याला बारीक दातांची करवतच लागते. भोक पाडताना खाली लाकूड ठेवायचं, ड्रिल हळू चालवायचं, आणि भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवायचं.

"मोठं का?" बाबांनी विचारलं.

"उन्हाळ्यात शीट फुगते. जागा मिळाली नाही की तडकते किंवा पोट काढते. चौकटीच्या खाचेतही सगळीकडे दोन-दोन मिलिमीटर मोकळं सोडा."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे कापड धुतल्यावर आटतं, तसं हे उन्हात फुगतं. याच्यासाठीही दाब सोडायचा!"

"सोडायचा, पण बाबा, अर्धा इंच नको हं," मी म्हटलं. ताईंना त्यातलं काही कळलं नाही, पण बाबा पाठमोरे होऊन हसत राहिले.

घरी पहिली शीट कापली तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धरून उभी होते. बाबा प्रत्येक वेळी कटर ओढताना श्वास रोखायचे. दुधाने तोंड पोळलं होतं ना! बारा वेळा झालं, त्यांनी आणखी दोनदा ओढला. मग रेघ कडेवर आणली, दोन्ही तळवे टेकवले आणि दाबलं. टक्. एक घाव दोन तुकडे, आणि कड सरळ, एका ओळीत. बाबांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. "कात्रीपेक्षा बरं," ते म्हणाले. मग पात्याच्या पाठीने त्यांनी कड खरवडली, ओल्या पॉलिश पेपरने घासली, आईच्या हाताला धार लागू नये म्हणून कोपरे गोल केले. शर्टाची कॉलर उलटवताना जसं तोंड करायचे, तसंच तोंड करून.

एक दार गेलं ते आमच्या यजमानांच्या कृपेने. कागद काढल्यावर शीटवर डिंकाचे ठिपके राहिले होते. सासऱ्यांना मदत म्हणून त्यांनी ते थिनरने पुसले. पाच मिनिटांत सगळ्या दारावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या. बाबांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"जावई आहात," ते शांतपणे म्हणाले, "नाहीतर उसवून काढलं असतं."

ते दार साबणाच्या पाण्याने पुसायला हवं होतं, हे ताईंनी नंतर सांगितलं. नवी शीट कापली, आणि अखेर चारही दारं बसली. वर तीन, खाली एक. स्वयंपाकघरात ती लखलखत होती. आम्ही आईला हाताला धरून आणलं.

ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. मग हात जोडले.

"बसा ना," ती कपाटाला म्हणाली. आमच्याकडे वळून हळू आवाजात तिने विचारलं, "या बाई कोण? कधीच्या उभ्या आहेत?"

समोरच्या खिडकीचा उजेड दारावर पडत होता आणि त्यात तिचा चेहरा दिसत होता. पांढऱ्या केसांची कुणी अनोळखी बाई. आईने दाराला हात लावला नाही. "त्यांचं सामान आहे ते," ती म्हणाली. "आपण कसं घ्यायचं?" पुढचे दोन दिवस ती स्वयंपाकघरात जाताना दबकून जायची, पाहुण्यांची झोपमोड होऊ नये तशी.

बाबा टेबलापाशी बसून होते. "चुकलंच माझं," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत बिघडलेल्या कोटाबद्दलही मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता ते हात टेकणार. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी चपला घातल्या.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या आतल्या बाजूला गेल्या आणि एक मंद, चकाकी नसलेला तुकडा घेऊन आल्या. तो त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवला. अक्षरं स्वच्छ दिसत होती. मग तुकडा हळूहळू वर उचलला. अक्षरं धुरकट झाली आणि शेवटी नाहीशी झाली.

"फोटो फ्रेम करणारे नेतात. यात बघणाऱ्याचा चेहरा उमटत नाही. पण एक अट आहे. वस्तू शीटला अगदी लागून हवी. लांब गेली की धुकं."

"किती लांब चालेल?" बाबांनी विचारलं.

"दोन इंच. तीन म्हणजे डोक्यावरून पाणी."

बाबांनी तिथेच टेप काढून आपल्या बोटांवर दोन इंच मोजले. त्यांची कपाटं दहा इंच खोल होती. घरी आल्यावर त्यांनी आतून दुसरी पाठ ठोकली, दाराच्या इतकी जवळ, की एका कपामागे दुसरा कप मावूच नये. एकच रांग. चार कप, साखरेची बरणी, चहाची बरणी, पातेलं, गाळणी. अडगळीचं बाकी सगळं सामान पाठीमागच्या पोकळीत गेलं, बाजूने काढायचं. दारांना त्यांनी लाल रंगाचे मोठे गोल लाकडी खुंटे लावले, मुठीत धरता येतील असे. आधीच्या चकचकीत शीटा वाया नाही गेल्या. माझ्या पुस्तकांच्या कपाटाला लागल्या.

या वेळी आम्ही आईला दाखवायला आणलं नाही. बाबांचाच तो आग्रह. "माप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहतं," ते म्हणाले. "तिला तिचं येऊ दे."

सकाळी नऊच्या सुमाराला ती आली. मी भाजी चिरत होते, बाबा पेपर धरून बसले होते, वाचत मुळीच नव्हते. आई कपाटासमोर उभी राहिली. तिची नजर डावीकडून उजवीकडे गेली, वॉर्डात खाटांवरून जायची तशी. मग तिने लाल खुंटा धरला आणि ओढला. दार उघडलं. एक कप काढला. थांबली. दुसरा काढला.

"आपण तिघं आहोत ना?" तिने विचारलं.

"हो गं," बाबा पेपराआडून म्हणाले.

तिने तिसरा कप काढला. पातेल्यात पाणी घातलं. मी गॅस पेटवून दिला, बाकी काहीच केलं नाही. साखर तिने दोनदा घातली, दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा जास्त. तो चहा म्हणजे नुसता पाक होता. बाबांनी कप रिकामा केला आणि विचारलं, "सिस्टर, अजून आहे का?"

त्यानंतर एक वर्ष आणि सात महिने आई रोज सकाळी चहा करत होती. कधी चहाची पूड राहून जायची, कधी दूध. कधी चारही कप निघायचे. एकदा तिने शेजारच्या सुतारालाही बोलावून पाजला. चहा करता यायला लागला तशी ती ताटंही मांडायला लागली, पाण्याचे ग्लास भरायला लागली, आणि आपण या घरातल्या आहोत असं तिच्या चालण्यात पुन्हा दिसायला लागलं. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, कोणतं औषध बदललंत? बाबांनी त्यांना दोन इंचांची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी ती कागदावर उतरवून घेतली. पुढे त्यांच्याकडे येणारी दोन-तीन कुटुंबं बाबांना शोधत आली. त्यांच्याकडची कपाटं बाबांनी त्याच लांब टेबलावर केली.

शीटताईंचे उपकार कसे फेडायचे, हे मात्र बाबांना बरेच दिवस सुचत नव्हतं. मग एकदा त्यांनी पाहिलं की मोठी शीट उचलताना तिची कड ताईंच्या बोटांत रुतते आणि बोटांवर लाल वळ उठतात. शेजाऱ्यांचं मशीन मागून त्यांनी जाड कॅनव्हासचा एक पट्टा शिवला. खाली शीट बसेल अशी झोळी, वर खांद्यावर टाकायला रुंद पट्टी, आत कापसाचं अस्तर. आम्ही दोघं द्यायला गेलो.

ताईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. मग एक पूर्ण शीट त्यात घातली, खांद्यावर घेतली आणि बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आल्या.

"काका, इथे माणसं चुकीची मापं आणतात आणि मलाच बोल लावतात," त्या म्हणाल्या. "माझं माप कुणी घेतलं नव्हतं अजून."

"डावा खांदा जरा उतरलाय तुमचा," बाबा म्हणाले. "द्या, एक टीप उसवून सारखं करतो."

आता आई फारशी उठत नाही. कपाटाकडेही बघत नाही. चहा बाबाच करतात आणि तिला चमच्याने पाजतात. मी त्यांना एकदा विचारलं, एवढं सगळं करून शेवटी थांबलंच ना, वाईट नाही वाटत?

बाबांनी तिची हनुवटी रुमालाने टिपली. "अगं, डॉक्टर म्हणाले होते सहा महिन्यांत तिला काहीच करता येणार नाही," ते म्हणाले. "तिच्या हातचे पाचशेहून जास्त चहा प्यालोय मी त्यानंतर. गोड, फिके, बिनदुधाचे. कुणाला मिळतं एवढं?"

मग त्यांनी उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला आणि तिच्या पायांवरची शाल सारखी केली. दुपारी एका नव्या घरी माप घ्यायला जायचं होतं. तिथल्या आजोबांना आपले चष्मे सापडत नाहीत, असं त्यांची सून फोनवर सांगत होती.